आधी नापास फोटो मोजा

फुल फ्रेम मिररलेस घ्यावा असं मनात आलं की बहुतेक जण कॅमेऱ्यांची तुलना करायला बसतात. कुठला किती मेगापिक्सेलचा, सेकंदाला किती फोटो काढतो, कुणाचं फोकस जास्त चलाख. माझं ऐकणार असाल तर हे सगळं पंधरा दिवस बाजूला ठेवा. स्वतःची हार्ड डिस्क उघडा. गेल्या वर्षभरात काढलेले आणि कुणालाही न दाखवलेले फोटो शोधा. त्यातले तीनशे निवडा, एक वही घ्या आणि प्रत्येक फोटो का फसला ते एका शब्दात लिहून काढा.

काम कंटाळवाणं आहे, दोन रविवार जातात. पण एवढी मोठी रक्कम खर्चावी की नाही हे ठरवायला याहून भरवशाची रीत मला माहीत नाही. चांगल्या फोटोंवरून कॅमेऱ्याची उणीव कळत नाही, कारण ते आहे त्याच कॅमेऱ्यानं चांगले आलेले असतात. उणीव नापास फोटोंत दिसते.

वहीत सहा रकाने आखा: हललेला, फोकस चुकलेला, दाणेदार, लांबचा, उजेड बिघडलेला आणि क्षण हुकलेला. ‘हललेला’चे पुन्हा दोन भाग करा. अख्खा फोटो पुसट असेल तर तुमचा हात हलला. मागचा खांब, तोरण, भिंत स्पष्ट आणि माणूस तेवढा पुसट असेल तर माणूस हलला. हा फरक पुढे फार कामाला येतो.

मी ही मोजणी पहिल्यांदा केली तेव्हा माझ्याकडे निकॉनचा डी ७२०० होता. २०१५ साली आलेला, २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा डीएसएलआर. माझी पक्की समजूत होती की आपलं घोडं नॉईजपाशी अडलंय. वहीत ‘दाणेदार’खाली जेमतेम चाळीस फोटो आले. ‘माणूस हलला’खाली शंभरावर. ते फोटो पुन्हा तपासले तर बहुतेकांत शटर १/६० किंवा १/८० होतं. आयएसओ वाढवला तर फोटो खराब होईल या धास्तीनं मी शटर खाली आणत होतो, आणि फोटो वाया जात होते. त्याच संध्याकाळी मी आयएसओची वरची मर्यादा ६४०० केली, शटर १/२५० च्या खाली जाऊ नये अशी ऑटो आयएसओची मांडणी केली, आणि पुढची दोन वर्षं त्याच बॉडीवर काढली. वही दुसऱ्या कुणाची असती तर तिनं वेगळं काही सांगितलं असतं. म्हणूनच ती ज्याची त्यानं लिहावी.

आता रकान्यांकडे वळण्याआधी एक गाठ सोडवून घेऊ. ‘फुल फ्रेम मिररलेस’ हे आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन वेगळे निर्णय आहेत. फुल फ्रेम म्हणजे सेन्सरचं माप. मिररलेस म्हणजे आरसा काढून टाकलेली रचना. एकाचे फायदे दुसऱ्याच्या खात्यावर मांडले जातात आणि माणूस गरज नसलेल्या गोष्टीचे पैसे मोजतो. दोन्ही एकत्र आणून ही वाट रुळवली ती सोनीच्या ए ७ आणि ए ७ आर नं, २०१३ साली. निकॉन आणि कॅनन या वाटेवर २०१८ मध्ये आले. पण क्रॉप सेन्सरचे उत्तम मिररलेसही आज बाजारात आहेत, हे दुकानात शिरताना लक्षात असू द्या.

सेन्सरच्या मापाचा हिशोब आधी करू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा. सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी धरून ऑस्कर बारनाकनं जो छोटा कॅमेरा बनवला, तो लायका १९२५ मध्ये बाजारात आला आणि हे माप रुळलं. निकॉन, सोनी यांचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी भरतो, कॅननचा त्याहून लहान, २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळ काढलंत तर फुल फ्रेम निकॉन-सोनीच्या क्रॉपच्या सुमारे २.४ पट आणि कॅननच्या क्रॉपच्या २.६ पट मोठा. अ‍ॅपर्चर तेच, शटर तेच ठेवलं तर सेन्सरवर एकूण उजेड तितक्या पटीनं जास्त जमा होतो. स्टॉपच्या भाषेत सव्वा स्टॉप, फार तर दीडच्या जवळ. सेन्सर एकाच पिढीचे असतील तर क्रॉपवर आयएसओ २८०० ला जेवढा नॉईज दिसतो, साधारण तेवढा फुल फ्रेमवर ६४०० ला दिसेल. फायदा खरा आहे. पण रात्रीचा दिवस होईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा नीट पाहावा.

आणि हा सव्वा स्टॉप पदरात पडेलच असंही नाही. समजा तुमच्या बॅगेत १७-५० मिमी एफ २.८ आहे, क्रॉपवर लग्नं करणाऱ्यांकडे ती हमखास असते. तुम्ही फुल फ्रेम बॉडी घेतलीत, बजेट संपलं, म्हणून सोबत २४-१०५ किंवा २४-१२० एफ ४ घेतलीत. चौकट जवळपास तीच येणार. पण एफ ४ वर एफ २.८ च्या निम्माच उजेड आत येतो. सेन्सरनं सव्वा स्टॉप दिला, लेन्सनं एक काढून घेतला. हातात राहिला पाव. पार्श्वभूमी पुसट होण्याचंही तेच: क्रॉपवरचा एफ २.८ आणि फुल फ्रेमवरचा एफ ४ शेजारी शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागेल. बॉडीबरोबर स्वस्तातली किट लेन्स घेतली, जिचं अ‍ॅपर्चर झूम केल्यावर एफ ६.३ किंवा ७.१ पर्यंत जातं, तर जुना संच नव्यापेक्षा सरस ठरतो. लाखभर रुपये जास्त मोजून मागे गेल्याचं उदाहरण मी जवळच्या माणसांत पाहिलंय, आणि त्यांना ते कुणी आधी सांगितलं नव्हतं याचं वाईट वाटतं.

म्हणून ‘दाणेदार’चा रकाना जड असेल तर दोन प्रश्न विचारा. मी आत्ता कुठल्या अ‍ॅपर्चरवर काम करतो? आणि नव्या संचात त्याच अ‍ॅपर्चरची लेन्स मला परवडते का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आहे त्या क्रॉप बॉडीवर ३५ मिमी एफ १.८ लावून बघा. एफ २.८ च्या झूमपेक्षा ती सव्वा स्टॉपच जास्त उजेड देते, तेही बॉडीच्या किमतीच्या लहानशा भागात. शिवाय रॉ फाईल काढत असाल तर ते नापास फोटो नव्या नॉईज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एकदा काढून पाहा. लाइटरूममध्ये २०२३ पासून अशी सोय आहे, डीएक्सओची त्याआधीपासून. माझ्या चाळिसातले निम्म्याहून जास्त फोटो असे वाचले. जेपेग काढणाऱ्यांना यातलं फारसं काही मिळत नाही, तेव्हा आधी रॉ काढायला लागा.

‘फोकस चुकलेला’ हा रकाना भरलेला असेल तर मात्र माझं मत लगेच बदलतं. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग आरशाखाली वेगळा बसवलेला असतो. त्याचं आणि सेन्सरचं अंतर केसभर जुळलं नाही की फोकस डोळ्याऐवजी कानावर किंवा नाकाच्या शेंड्यावर जातो. आपण त्याला बॅक फोकस, फ्रंट फोकस म्हणतो आणि लेन्स घेऊन सर्व्हिस सेंटरला जातो. मिररलेसमध्ये फोकस खुद्द सेन्सरवर ठरतो, त्यामुळे ही कटकट मुळातच संपते. दुसरं, डीएसएलआरचे फोकस पॉइंट चौकटीच्या मध्यावर दाटीनं बसलेले असतात, फुल फ्रेम डीएसएलआरमध्ये तर जास्तच. मिररलेसमध्ये ते जवळजवळ काठापर्यंत पसरतात आणि डोळा ओळखून त्याला धरून राहतात.

अंतरपाट दूर होतो तो क्षण डोळ्यांसमोर आणा. हवेत अक्षता, मध्येच कुणाचा तरी मोबाईल धरलेला हात, करवलीचा खांदा, आणि मागे नवरी मान वर करते. जुना कॅमेरा अक्षतांवर किंवा त्या हातावर फोकस मारतो. डोळा धरून ठेवणारा नवा कॅमेरा बऱ्याचदा नवरीवरच राहतो. हा फरक मी स्वतः अनुभवलाय आणि लग्नाचं काम करणाऱ्याला बॉडी बदलण्यासाठी हे एवढं कारण पुरेसं वाटतं.

पण हा फायदा मिररलेसचा, आणि त्यातही नव्या पिढीचा. फुल फ्रेमचा नव्हे. निकॉनचा क्रॉप सेन्सरचा झेड ५० टू (२०२४), कॅननचा आर ७ (२०२२), सोनीचा ए ६७०० (२०२३) यांत डोळा, प्राणी, पक्षी ओळखणारं फोकस आहे. उलट निकॉनचाच २०१८ चा फुल फ्रेम झेड ६ स्वस्तात मिळाला तरी फोकसच्या बाबतीत तो या मंडळींच्या मागे आहे. वहीत ‘फोकस’ भरलाय आणि ‘दाणेदार’ रिकामा, तर क्रॉप मिररलेस बघा आणि उरलेले पैसे लेन्सवर घाला.

हललेल्यांपैकी ‘हात हलला’ यावर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन जोरकस उपाय आहे. देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात १/८ नं हातात धरून फोटो काढता येतो. मात्र ते प्रत्येक बॉडीत असतंच असं धरून चालू नका. कॅननचा आर ८ वजनाला हलका, सेन्सर चांगला, म्हणून पुष्कळांना भुरळ घालतो. त्यात हे नाही, आणि कार्डाचा खणही एकच आहे. ‘माणूस हलला’ यावर स्टॅबिलायझेशनचा काडीचा उपयोग नाही. समई थांबते, टाळ वाजवत नाचणारा वारकरी थांबत नाही. तिथे शटरच वाढवायला हवं, म्हणजे आयएसओ वाढवायला हवा, म्हणजे पुन्हा ‘दाणेदार’चा हिशोब.

‘लांबचा’ हा रकाना पक्षी टिपणाऱ्यांचा. भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित टिपणारे, ताडोबात जिप्सीतून वाघाची वाट पाहणारे. यांना फुल फ्रेममध्ये काय हरवतं ते कुणी सांगत नाही. क्रॉप बॉडीवर ५०० मिमीची लेन्स ७५० मिमीसारखी चौकट देते. तीच लेन्स २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर लावली आणि तेवढीच चौकट कापून घेतली तर हाती साधारण १० मेगापिक्सेल उरतात. २४ चे १०. पक्ष्याच्या पिसांची बारीक वीण त्यातच जाते. यावर उपाय दोन: जास्त मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घ्यायचा, जसा ४५.७ मेगापिक्सेलचा निकॉन झेड ८ किंवा ६१ मेगापिक्सेलचा सोनी ए ७ आर फाईव्ह, किंवा मोठी लेन्स घ्यायची. दोन्ही वाटा खिशाला भारी आहेत. पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात काम करणाऱ्याला फुल फ्रेमचा लाभ होतो हे खरं, पण पक्षी चौकटीत पुरेसा मोठा असेल तरच. भिगवणच्या होडीत बसणाऱ्या मित्रांना मी आजही चांगला क्रॉप मिररलेस आणि लांब लेन्स हेच सुचवतो.

उजेड बिघडलेल्या फोटोंबद्दल थोडक्यात. आकाश पांढरं पडणं हा बहुतेक वेळा एक्स्पोजरचा प्रश्न असतो. व्ह्यूफाइंडरमध्येच खरा उजेड दिसत असल्यामुळे मिररलेसवर ही चूक कमी होते. क्षण हुकलेल्यांचं औषध कॅमेऱ्याकडे फारसं नाही. बटण दाबण्याआधीचे फोटो साठवून ठेवायची सोय काही नव्या बॉडींत आहे, पक्षी उडण्याच्या वेळी ती उपयोगी पडते. निकॉन झेड ६ थ्री मध्ये ती फक्त जेपेगला चालते.

ज्यांच्याकडे आधीच फुल फ्रेम मिररलेस आहे आणि त्याची पुढची आवृत्ती खुणावते आहे, त्यांची गोष्ट निराळी. सोनी ए ७ थ्री, निकॉन झेड ६, कॅनन आर. तिन्ही २०१८ चे. यांच्यावरून निकॉन झेड ६ थ्री (२०२४), कॅनन आर ६ मार्क टू (२०२२) किंवा सोनी ए ७ फोर (२०२१) वर गेलात तर स्थिर विषयाच्या फोटोचा दर्जा फारसा बदलणार नाही. बदलतं ते फोकस आणि वेग. एक खाचही आहे: झेड ६ थ्री चा सेन्सर झटपट वाचला जातो, पण त्यापायी कमी आयएसओला सावलीतला तपशील उचलण्याची ताकद झेड ६ टू पेक्षा किंचित कमी झाली. सह्याद्रीच्या कड्यांवरून सूर्योदय टिपणाऱ्याला ही देवाणघेवाण नको असेल. त्याच्यासाठी २०२५ मधला झेड ५ टू स्वस्तही आहे आणि जास्त योग्यही.

सेन्सर वाचण्याच्या वेगाचा मुद्दा मैफली टिपणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा. गवई आलाप भरत असताना शटरचा खटका ऐकू येणं हा अपराध आहे, म्हणून आपल्याला आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर हवं असतं. ते सेन्सर एकदम वाचत नाही, वरून खाली ओळीनं वाचतं. ए ७ फोरला पूर्ण चौकट वाचायला सुमारे १/१५ सेकंद लागतो, झेड ६ थ्री ला सुमारे १/७०. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. हळू वाचणाऱ्या सेन्सरवर त्या मिणमिणण्याच्या आडव्या पट्ट्या उमटतात, आणि तबलजीची बोटंही वाकडी येतात. लग्नाच्या हॉलमधल्या एलईडी पडद्यासमोरही तेच. वेगानं वाचणाऱ्या सेन्सरवर हा त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही. अशा दिव्यांत मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० हा वेग सुरक्षित. आवाज चालत नसेल तर निदान शटर याच वेगांवर ठेवा.

लग्नाची कामं घेत असाल तर दोन कार्डांचे खण असलेलीच बॉडी घ्या. मूळच्या झेड ६ आणि कॅनन आर मध्ये एकच खण आहे. निव्वळ एवढ्यासाठी त्या बदलल्या तरी मी कारण योग्य मानीन. कार्ड खराब झालं म्हणून मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत.

आता जुन्या लेन्सचं काय, हा प्रश्न. आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर कमी झालं: निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी होतं, झेडमध्ये १६. कॅननचं ४४ वरून २० वर आलं. मधली जागा अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. कॅननवाल्यांचं नशीब बरं. ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच असल्यानं त्या अ‍ॅडॉप्टरवर सहज चालतात. निकॉनच्या मंडळींनी सावध राहावं. ज्या लेन्सचं फोकस बॉडीतल्या मोटरवर फिरतं, म्हणजे एएफ आणि एएफ-डी, त्यांचं ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर चालत नाही. आपल्याकडे अनेकांची पहिली लाडकी लेन्स ५० मिमी एफ १.८ डी असते. ती नव्या बॉडीवर हातानं फिरवावी लागेल. एएफ-एस आणि एएफ-पी चालतात. आपल्या लेन्सवरची अक्षरं आजच वाचून ठेवा. क्रॉपसाठीच्या लेन्सही बसतात, पण फुल फ्रेम त्यांच्यासाठी स्वतःला कापून घेतो, म्हणजे पुन्हा ते १० मेगापिक्सेल.

या सगळ्यानंतर पैशांची बेरीज. झेड ६ थ्री, आर ६ मार्क टू, ए ७ फोर या तिन्ही बॉडी भारतात आल्या तेव्हा अडीच लाखांच्या आसपास होत्या. वहीच्या शेवटच्या पानावर बॉडीच्या खाली हे लिहा: रोजच्या वापराची एक लेन्स, अ‍ॅडॉप्टर, दोन वेगवान कार्डं, दोन जादा बॅटऱ्या. कार्डाचा प्रकार आधी बघा; झेड ६ थ्री च्या एका खणात सीएफएक्स्प्रेस बी लागतं, ते साध्या एसडी कार्डापेक्षा बरंच महाग आहे. बॅटऱ्यांबाबत मनाची तयारी ठेवा. डी ७२०० एका चार्जवर अधिकृत मापानं १११० फोटो देत असे, पहिल्या झेड ६ चं तेच माप ३१० आहे. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त निघतात, तरी सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत एक बॅटरी पुरत नाही. बॉडीला लागणारा पैसा एकूण पैशाच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर एक पायरी खालची बॉडी घ्या आणि लेन्स चांगली घ्या. लेन्स दहा वर्षं चालते, बॉडीची किंमत पुढची आवृत्ती येताच उतरते. कॅननचा आर ६ मार्क थ्री नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि सोनीचा ए ७ फाईव्ह त्यानंतरच्या महिन्यात जाहीर झाला. अशा वेळी मागची आवृत्ती घेणाऱ्याचा फायदा होतो.

फोटोग्राफी हा धंदा असेल आणि जीएसटी नोंदणी असेल तर कॅमेऱ्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करता येतो. त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि बिलाचा मुद्दा तेवढ्यापुरता नाही. मी एकदा परदेशातून आलेली बॉडी कच्च्या पावतीवर घेतली होती. किंमत वीस-बावीस हजारांनी कमी. आठ महिन्यांत शटर गेलं. वॉरंटी भारतातली नाही म्हणून दुरुस्तीचे सगळे पैसे मलाच भरावे लागले आणि हंगामाचे पाच आठवडे हातात कॅमेरा नव्हता. मुंबईत बोरा बाजारात जा नाहीतर गावातल्या ओळखीच्या दुकानात, भारतातलं वॉरंटी कार्ड आणि बॉडीचा सीरियल नंबर छापलेलं बिल मागून घ्या. विम्यालाही तोच नंबर लागतो.

वापरलेली बॉडी घेणं मला गैर वाटत नाही. शटर किती वेळा चाललंय ते बघा. डी ७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं, झेड ६ आणि आर ६ मार्क टू चं दोन लाखांसाठी. पण इलेक्ट्रॉनिक शटरनं काढलेल्या फोटोंनी शटर झिजत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर सगळा निवाडा करू नका. लेन्स काढून माउंट हलतं का पाहा, एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग पाहा, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर परत द्या. माल कोकणातला किंवा मुंबईचा असेल तर लेन्सच्या आत टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. सोबत आलेली लेन्स फुकट मिळाली तरी बुरशीची घरात आणू नका.

आणि विकत घेण्याआधी भाड्यानं आणा. मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारसाठी बॉडी आणि लेन्स भाड्यानं मिळते, ओळखपत्र आणि अनामत घेतात. घरात टेबलावर ठेवलेल्या फुलदाणीचे फोटो काढण्यात ते दोन दिवस घालवू नका. तुमचा नेहमीचा विषय घ्या: मुलीचा नाचाचा कार्यक्रम, तालमीतली कुस्ती, भाच्याची मुंज. स्वतःचं कार्ड घाला, जुनी बॉडीही सोबत ठेवा, दोन्हींवर सारखंच काम करा. सोमवारी वही काढून नापास फोटो त्याच सहा रकान्यांत पुन्हा मांडा. जो रकाना तुम्हाला छळत होता तो निम्म्यानं रिकामा झाला असेल तर बॉडी घ्या. आकडे जवळपास तेच असतील तर अनामत परत घ्या आणि शटरचा वेग वाढवा.

भाड्याच्या दिवसांत आणखी एक पाहा, ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं: बॉडी हातात कशी बसते. मोठ्या हाताच्या माणसाची करंगळी लहान बॉडीखाली लोंबकळते आणि मोठी लेन्स लावून चार तास काम केल्यावर मनगट भरून येतं. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का बघा.

घ्यायचं ठरलं तर हंगामाच्या तोंडावर घेऊ नका. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. बॉडी त्याआधी निदान महिनाभर हातात हवी, कारण बोटांना बटणांच्या नव्या जागा पाठ व्हायला तेवढे दिवस लागतातच. पावसाळ्यात घेतलीत तर पहिल्याच दिवशी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. बॉडी चालू करताच फर्मवेअर ताजं करा. निकॉननं झेड ८ ला पक्षी ओळखणारं फोकस असंच नंतर, फेब्रुवारी २०२४ च्या अपडेटमध्ये दिलं होतं. तुमच्या जुन्या बॉडीसाठीही काही येऊन पडलंय का, ते खरं तर वही लिहायला बसण्याआधीच तपासा. मिररलेसचा सेन्सर लेन्स बदलताना उघडा पडतो. बंद केल्यावर शटर खाली आणून सेन्सर झाकण्याची सोय तुमच्या बॉडीत असेल तर मेनूतून चालू करून घ्या आणि ताडोबाच्या धुळीत लेन्स बदलायचीच झाली तर बॉडीचं तोंड खाली धरून बदला.

जुनी बॉडी लगेच विकू नका, एक हंगाम दुसरी बॉडी म्हणून वापरा. दोन्ही कॅमेरे घेऊन कामाला निघताना दोन्हींतली घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून ठेवा, नाहीतर रात्री संगणकावर फोटो वेळेप्रमाणे लावताना सप्तपदी कन्यादानाच्या आधी येते.